१३ डिसेंबर १९३०, म्हणजे १३४० फसली

मराठवाड्यात वनसंरक्षण आणि लोकसहभागाचे बोलणे निघाले की गाडी लगेच वृक्षलागवडीवर येते. किती खड्डे खणले, किती रोपे लावली, किती जगली. या टिपणात लागवडीला थोडीच जागा आहे. ज्यांच्या दारात उभे जंगल आहे त्यांना ते राखण्याचा हक्क मिळाला का, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठवाड्यात तो एका तारखेपाशी येऊन अडला आहे.

राखावे असे सलग जंगल विभागात आहेच किती? सरकारी नोंदीतले वनक्षेत्र एकूण भूभागाच्या जेमतेम चार-पाच टक्के, आणि लातूर जिल्ह्यात एक टक्काही नाही. कन्नडकडे गौताळा आहे, धाराशिवकडे येडशीचा रामलिंग घाट आहे, बीड-धारूरच्या बालाघाटावर सीताफळाची झुडपे आहेत. पण सागाचे, धावड्याचे, मोहाचे, तेंदूचे जंगल म्हणावे ते किनवट आणि माहूरचे. पुढचे बहुतेक सगळे त्याच पट्ट्याबद्दल आहे.

हा पट्टा मुळात नांदेडचा नव्हता. निजामी राज्यात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाट येथे १९४० मध्ये गोंडांचा उठाव झाला. वनखाते वस्त्या उठवत होते, चराईवर कर बसवत होते, त्याचा तो उद्रेक होता. उठाव मोडला, पण नंतर निजाम सरकारला आदिवासींना जमिनीचे पट्टे द्यावे लागले आणि १३५६ फसलीत (फसली ही निजामी महसुली सालगणना), म्हणजे १९४६ च्या सुमारास, आदिवासी क्षेत्रासाठी वेगळे नियम करावे लागले. उरलेल्या मराठवाड्याची जंगलाबाबतची सामूहिक आठवण वेगळीच आहे. मुक्तिसंग्रामात १९४७ साली लोक कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडे पाडायला निघाले, कारण शिंदीचा महसूल निजामाच्या तिजोरीत जात होता. झाड सरकारचे आणि सरकार परके, अशी ही भावना होती. ती १७ सप्टेंबर १९४८ ला एका दिवसात संपली असेल, असे मानायला आधार नाही.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली. माळावर समतल चर खणले गेले, रोपवाटिका उभ्या राहिल्या, १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते आले. हजारो बायाबापड्यांनी जंगलासाठी घाम गाळला तो याच काळात. मात्र त्यांचे नाते हजेरीपटाशी होते. चर खणणाऱ्या बाईला पुढे त्या डोंगरावरचे गवत कापायचे तर परवानगी लागत होती.

१६ मार्च १९९२ च्या शासन निर्णयाने राज्यात संयुक्त वन व्यवस्थापन सुरू झाले. गावात समिती, समितीचा सचिव वनपाल, आणि गावाकडून अपेक्षा कुऱ्हाडबंदीची आणि चराईबंदीची. काही गावांनी मनापासून बंदी पाळली, गवत वाढले, त्याचे वाटपही झाले. पण ही व्यवस्था अवनत, म्हणजे उजाड होत गेलेल्या वनांपुरती होती. उभा साग तिच्या बाहेर राहिला. दुसरे असे की सगळा डोलारा शासन निर्णयावर उभा होता. निर्णय बदलला, निधी आटला, वनपालाची बदली झाली, की समिती फक्त कागदावर उरायची. गावाने राखलेल्या जंगलावर गावाचा कायद्याने काही हक्क आहे, असे त्यात कुठेच म्हटलेले नव्हते.

ते पहिल्यांदा म्हटले २००६ च्या वनहक्क कायद्याने. या कायद्याने ग्रामसभेला जंगल वापरण्याबरोबर ते राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. ३१ डिसेंबर २००७ ला कायदा लागू झाला, दुसऱ्याच दिवशी नियम आले. किनवट हे मराठवाड्यातले अनुसूचित क्षेत्र, त्यामुळे सुरुवात तिथून होणे साहजिक होते. गोंड, कोलाम, आंध, प्रधान वस्त्यांमधून वनहक्क समित्या बसल्या. काही गावांना सामूहिक हक्क मिळालेही. आणि मग प्रश्न आला तांड्यांचा, म्हणजे महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नसलेल्या बंजारा समाजाच्या वस्त्यांचा.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळा गुंता एका व्याख्येत आहे. मूळ विधेयक फक्त अनुसूचित जमातींसाठी होते आणि त्यातली कटऑफ तारीख २५ ऑक्टोबर १९८० होती. संसदेच्या संयुक्त समितीने ती १३ डिसेंबर २००५ वर, म्हणजे विधेयक लोकसभेत मांडले त्या दिवसावर आणली आणि बिगर-आदिवासी वननिवासींनाही आत घेतले. त्यांच्यासाठी शब्द आला ‘इतर पारंपरिक वननिवासी’. अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधी किमान तीन पिढ्या ते जंगलात राहत असावेत आणि उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून असावेत. पिढी म्हणजे २५ वर्षे, असा खुलासा कायद्यातच आहे. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे. हिशेब थेट १३ डिसेंबर १९३० ला जाऊन टेकतो.

देशाच्या बऱ्याच भागांत ही तारीख इंग्रजी अमलातली आहे. गॅझेटिअर, सर्व्हे, वनखात्याचे आराखडे इंग्रजीत सापडतात. किनवटला तीच तारीख १३४० फसली होते. दप्तर उर्दूत, तेही शिकस्ता, म्हणजे घाईत जोडून लिहिलेल्या वळणाचे. १९५६ मध्ये तालुका एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला, तेव्हा दप्तरही फिरले. तांड्यावरच्या माणसाच्या हाताला लागते ती बहुतेक वेळा १९५४-५५ ची खासरा पाहणी, म्हणजे जमिनीची जुनी महसुली नोंद. ती १९३० नंतरची चोवीस वर्षे तशीच मोकळी सोडते.

किनवट भागातल्या एका तांड्यावर मी असा एक दावा पाहिला आहे. खताच्या गोणीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद: खासरा पाहणीची झेरॉक्स, एक घडीवर फाटलेली चराईची पावती, वडिलांच्या नावाची दंडाची पावती. दंड जंगलात गुरे घातल्याबद्दलचा. घरच्या म्हाताऱ्याने ती पावती सर्वांत वर ठेवली होती. ‘आम्ही इथंच होतो म्हणून तर दंड झाला,’ असे त्याचे साधे म्हणणे. उर्दू कागद वाचायला तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे आसपासच्या तांड्यांचे लोक असेच गाठोडे घेऊन येतात. पावतीवरचे साल त्यांनी भिंग लावून वाचले ते १३५२ फसली. बारा वर्षे कमी पडली.

याच तांड्यापासून थोड्या अंतरावर तेलंगणाची हद्द लागते. पलीकडे राहणारे सोयरे १९७६ च्या दुरुस्तीने अनुसूचित जमातीत गेले. महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्यामुळे पलीकडच्या मेव्हण्याला फक्त २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि अलीकडच्याला १९३० चा रहिवास. दोघांचे आजे एकाच निजामी जिल्ह्यात, एकाच जंगलात बैल चारत होते.

तारीख कडक का ठेवली, याला वनखात्याकडे उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. १९७२ नंतर आणि विशेषतः १९९० च्या पुढे या पट्ट्यात साग तोडून नवी शेते झाली. कायदा येणार म्हटल्यावरही काही ठिकाणी कुऱ्हाड चालली. अट सैल केली तर कालचे अतिक्रमण परवाच्या वहिवाटीच्या नावाने आत शिरेल, ही भीती खरी आहे. आदिवासी गावांतूनही हेच ऐकू येते. पण हे सगळे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक, कायदा त्याच शेतावर ७५ वर्षांचा ताबा मागत नाही, त्या भागातला रहिवास आणि अवलंबन मागतो. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने हे नंतर स्पष्ट केले. तरी खालच्या समित्यांनी कित्येक दावे ताब्याचा पुरावा नाही म्हणून फेटाळले. दोन, पुराव्याच्या यादीत दावेदाराखेरीज दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब आहे. जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी तर उपग्रह छायाचित्र हे पूरक आहे, इतर पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही, असे सांगून ठेवले. प्रत्यक्षात मात्र उर्दू कागद किंवा उपग्रहाचा नकाशा, यापलीकडे तपासणी फारशी जात नाही.

याचा फटका फक्त एखाद्या कुटुंबाच्या चार एकरांना बसत नाही. किनवट-माहूरमध्ये कित्येक ग्रामपंचायतींत आदिवासी वस्ती आणि तांडा एकत्र आहेत. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेचा असतो. अर्धी ग्रामसभा ‘पात्र’ आणि अर्धी ‘अपात्र’ अशी कुजबुज सुरू झाली की जंगल राखायला एकत्र कोण येणार? मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायचे असते. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची जुनी सवय आहे, आणि तिथून वणवा लागतो. काही वाड्यांनी ठरवले की पेटवायचे नाही, झाडाखाली झाडून घ्यायचे. पहाटे बायका खराटे घेऊन जातात, बाप्ये आग पुढे सरकू नये म्हणून जाळरेषा काढतात. हे टिकते ते वस्ती आणि तांडा दोन्ही आले तरच. पाचोळ्याला हद्द नसते आणि आगीलाही.

२०१४ मध्ये राज्याने ग्रामवनाचे नियम आणले, तेव्हा अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावांना आडमार्गाने का होईना व्यवस्थापन मिळेल अशी आशा वाटली. पण या नियमांनी सामूहिक वनहक्काचे दावे कायमचे बाजूला पडतील, असा आक्षेप आला आणि केंद्राच्या पातळीवरही हरकत घेतली गेली. त्यानंतरची वर्षे लागवडीच्या मोहिमांनी व्यापली: २०१६ ला दोन कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी असे राज्याचे आकडे. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तो एप्रिल २०१६ चा उन्हाळा ताजा होता, त्यामुळे मराठवाड्यात प्रतिसादही मनापासून मिळाला. बीडजवळ पालवणच्या उघड्या डोंगरावर देवराई उभी राहिली, फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले. चांगलेच झाले. गायरानांवरची लागवड आणि तिथे कसणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न मात्र याच मोहिमांत पुन्हा वर आला. तो विषय स्वतंत्र टिपणाचा आहे.

दरम्यान १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्वतःच स्थगिती दिली. या दोन आठवड्यांत तांड्यांवर जी धावपळ झाली तिच्यामुळे बासनातली जुनी गाठोडी पुन्हा बाहेर आली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअर मराठा-कुणबी नोंदींसाठी ग्राह्य धरले, तेव्हा बंजारा समाजाने त्याच गॅझेटिअरचा आधार घेऊन अनुसूचित जमातीची मागणी जोरात पुढे आणली. बीड-जालन्यात मोर्चे निघाले. आदिवासी संघटनांनी विरोधात मोर्चे काढले, कारण आरक्षणातला वाटा आणि जमिनीचे संरक्षण दोन्ही त्यांना धोक्यात दिसते. या गदारोळात वनहक्काचा धागा कुणी फारसा धरला नाही. तांड्याला जमातीचा दर्जा न देताही दावा मोकळा करता येतो. त्यासाठी कायद्यातच असलेला तोंडी आणि भौतिक पुरावा प्रामाणिकपणे तपासावा लागेल.

त्यातला तोंडी पुरावा आता हातातून चालला आहे. १९३० साल स्वतः पाहिलेला माणूस आज शंभरीच्या घरात असणार. मी पाहिलेल्या त्या दाव्यात वडीलधाऱ्याच्या जबाबाचा रकाना कोरा होता. ज्यांचे नाव लिहायचे ठरले होते ते मोजणीच्या तारखेआधीच गेले. तांड्याच्या वरच्या अंगाला मोहाच्या झाडाखाली पहिल्या नाईकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची समाधी आहे, शेंदूर लावलेला एक चौथरा. स्थळपाहणीला आलेल्यांनी ती पाहिली, नमस्कारही केला. पंचनाम्यात ओळ आहे: ‘जुनी समाधी, साल नमूद नाही.’