टेक्सास मोठं की मिनेसोटा? आधी दिवस मोजा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत सप्टेंबर उजाडला की हा वाद ठरलेला. टेक्सासातले डलासकर म्हणतात, देशातलं सगळ्यात मोठं स्टेट फेअर (म्हणजे दरवर्षी भरणारी राज्याची शेती-पशू जत्रा) आमचं. मिनेसोटातले मिनियापोलिसकर म्हणतात, छे, आमचं. दोघंही आकडे तोंडावर फेकतात आणि दोघांचेही आकडे खरे असतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

डलासचं फेअर बहुतेकांच्या ओळखीचं, तेव्हा भरभर उरकतो. १८८६ची सुरुवात, १९३६च्या शताब्दी प्रदर्शनासाठी उभ्या राहिलेल्या फेअर पार्कातल्या आर्ट डेको इमारती, कॉटन बोल स्टेडियममधला टेक्सास-ओक्लाहोमा विद्यापीठांचा फुटबॉल सामना, कॉर्नी डॉग (मक्याच्या पिठात तळलेलं काडीवरचं सॉसेज) आणि बिग टेक्स हा ५५ फुटी पुतळा. हा बिग टेक्स मुळात केरेन्स गावचा सांताक्लॉज. १९५२ साली काउबॉय झाला, २०१२ मध्ये जळाला, पुढच्या वर्षी नवा आला. तळलेल्या लोण्याचे फोटो दरवर्षी फॉरवर्ड करणाऱ्यांनी आता थांबावं. ते लोणी २००९ सालचं आहे.

आता मुद्द्याचं. डलासचं फेअर २४ दिवस चालतं, मिनेसोटाचं फक्त १२. २०१९ साली डलासला २५ लाखांच्या आसपास लोक आले, मिनेसोटाला सव्वाएकवीस लाख. एकूण बेरीज पाहिली तर टेक्सास पुढे. पण दिवसांनी भागा: डलासला रोजचे लाखभर, मिनेसोटाला पावणेदोन लाखांच्या वर. एकजण बेरीज सांगतो, दुसरा सरासरी, आणि दोघंही त्याला ‘मोठं’ म्हणतात. एवढं सोपं गणित आहे, तरी दरवर्षी रणधुमाळी.

हा फरक नुसता कागदावरचा नाही, तो अंगावर येतो. १ सप्टेंबर २०१८ला मिनेसोटाच्या फेअरला एका दिवसात २,७०,४२६ माणसं आली. शेजारच्या सेंट पॉल शहराची अख्खी वस्तीच तीन लाखांच्या आसपास आहे! डलासला आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आरामात फिराल. मिनेसोटाला तशी सवलत नाही. फेअर लेबर डेला (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी) संपतं, बहुतेक शाळा त्यानंतर उघडतात, त्यामुळे उन्हाळ्याचे शेवटचे दिवस साजरे करायला सगळं राज्य त्याच बारा दिवसांत लोटतं. डलासचं फेअर शाळा सुरू झाल्यावर, सप्टेंबरअखेरीस उघडतं. तिथल्या कित्येक शाळा मुलांना त्यासाठी वेगळी सुट्टी देतात.

दुसरं म्हणजे टेक्सासात जनावरांचा मान वाटला गेलाय. ह्यूस्टन, फोर्ट वर्थ, सॅन अँटोनियो, सगळीकडे मोठाले स्वतंत्र पशुप्रदर्शन-रोडिओ (काउबॉयांच्या कसरतींचे खेळ) भरतात. (ह्यूस्टनच्या रोडिओला ‘स्टेट फेअर’ म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.) मिनेसोटात अख्ख्या राज्याची एकच मोठी हजेरी. काउंटी (जिल्हा) फेअरमधून निवडून आलेली फोर-एच या युवक संघटनेची पोरं आपली गाय, शेळी, कोंबडी घेऊन इथेच येतात. आणि ‘प्रिन्सेस के’, म्हणजे राज्याच्या दुग्धव्यवसायाची राजदूत निवडायची स्पर्धा! तिच्या अंतिम फेरीतल्या, दुग्धव्यवसायातल्या घरच्या मुली काचेच्या, गरगर फिरणाऱ्या शीतखोलीत थंडीचा कोट घालून तासन्‌तास बसतात आणि ९० पौंडी लोण्याच्या ठोकळ्यातून त्यांचा चेहरा कोरला जातो. बाहेर घामाच्या धारा, आत बिचारीचं नाक लाल.

‘सरकारी जत्रा’ हाही एक लाडका गैरसमज. डलासचं फेअर ना-नफा संस्था चालवते, जागा शहराची. मिनेसोटाचं राज्य कृषी सोसायटी चालवते, पण १९४९ पासून तिला सरकारी अनुदान नाही. तिकिटं न्‌ गाळेभाडं यांवरच गाडा चालतो.

कुठे जावं विचाराल तर माझं मत मिनेसोटाला. सकाळी लवकर, कामाच्या दिवशी, आणि गोठे आधी. लोण्यात बुडवलेलं भाजकं कणीस नंतर. झोपाळे-पाळण्यांसाठीच जायचं असेल तर मात्र डलास. तिथलं २१२ फुटी चाक बसण्यासारखं आहे.