शेवटच्या ओळीतला निष्पादक: नाशिकच्या मृत्युपत्रांची पार्श्वभूमी

नाशिककडच्या मृत्युपत्रांत निष्पादकाचे, म्हणजे मृत्यूनंतर मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या एक्झिक्युटरचे नाव बहुधा अगदी शेवटी येते, आणि पुष्कळदा येतच नाही. याचे मूळ निष्काळजीपणापेक्षा कायद्याच्या हद्दींत जास्त आहे.

मिताक्षरा या हिंदू वारसापद्धतीच्या कुटुंबात वाड्यातला किंवा शेतीतला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. माणूस गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे, म्हणजे कुटुंबातल्या जन्मजात हिस्सेदारांकडे, जाई. मग वाटून देणारा कशाला? निष्पादक मुंबईत आला तो इंग्रजी न्यायालयांबरोबर. 1870 च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने त्याला पक्के स्थान दिले, पण मुंबई इलाख्यात हा कायदा मुंबई शहरापुरताच होता. नाशिकला तोंडी मृत्युपत्रही चाले. लेखी मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार सगळीकडे सक्तीचे झाले ते 1 जानेवारी 1927 पासून. अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 30 ने मिळाली.

1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातली प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्तीही नाशिकपर्यंत पोचली नाही. इथल्या माणसाचा मुंबईत दादरला फ्लॅट असेल तर ती गाठायची. 2025 मध्ये संसदेने ही सक्ती घालणारे कलम 213 च वगळले. त्यामुळे आजही वारस मृत्युपत्र घेऊन थेट तलाठ्याकडे फेरफारासाठी जातात. कुणी हरकत घेईपर्यंत हे सुरळीत चालते. मृत्युपत्र खरे की खोटे, हे महसूल अधिकारी ठरवू शकत नाही. प्रकरण न्यायालयात जाते, आणि तिथे पहिला प्रश्न असतो: निष्पादक कोण? कारण प्रोबेट मिळते ते मृत्युपत्रात नेमलेल्या निष्पादकालाच. नाव नसेल तर लाभार्थ्याला मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेच्या व्यवस्थेचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मागावे लागते.

अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, व्यक्तीला प्रोबेट मिळत नाही. लाभार्थी निष्पादक होऊ शकतो. भावंडांत धुसफूस असेल तर मात्र टाळावे. निष्पादकाने साक्षीदार म्हणून सही केली तरी बिघडत नाही, फक्त वादात तोच माणूस दोन्ही नात्यांनी उलटतपासणीत सापडतो. आपल्याच वयाचा मित्र नेमणे ही नेहमीची चूक. तो आधी गेला तर पंचाईत, म्हणून पर्यायी नाव हवेच. दोघे नेमले आणि वेगळे काही लिहिले नाही, तर प्रोबेट घेतलेला एकटाही सगळे अधिकार वापरू शकतो. दोघांच्या सह्या हव्या असतील तर तसे स्पष्ट लिहावे.

आधी विचारल्याशिवाय नाव घालू नये. नेमलेला माणूस न्यायाधीशासमोर तोंडी किंवा सहीच्या लेखाने नकार देऊ शकतो. होकार दिला तर प्रोबेटनंतर 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि 1 वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. अंत्यविधीचा खर्च आणि कर्जे आधी, वाटप नंतर. म्हणून सातबारे, मिळकत पत्रिका आणि बँक खात्यांची यादी कुठे ठेवली आहे, ते त्याला जिवंतपणीच दाखवून ठेवावे.