विनाचालक मेट्रोची मुळं नव्या वस्त्यांमध्ये

१९२७ मध्ये लंडनच्या जमिनीखाली एक छोटी रेल्वे सुरू झाली. तिच्यातून टपालाच्या थैल्या जात. पॅडिंग्टन ते व्हाइटचॅपल अशा साधारण साडेदहा किलोमीटरच्या भुयारात विजेवर धावणाऱ्या या गाड्यांना चालकच नव्हता, आणि २००३ पर्यंत त्या टपाल वाहत राहिल्या. म्हणजे चालकाशिवाय रुळांवर गाडी पळवणं ही गोष्ट शंभर वर्षांच्या घरातली आहे. माणसांसाठीची शहरी रेल्वे विनाचालक व्हायला मात्र आणखी अर्धं शतक जावं लागलं. ती आधी रुजली तीही मोठ्या, जुन्या महानगरांच्या मुख्य मार्गांवर नाही, तर शहरं जिथे नव्याने वाढत होती तिथे.

जुन्या शहरांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. न्यूयॉर्कने १९६२ मध्ये टाइम्स स्क्वेअर ते ग्रँड सेंट्रल या अगदी छोट्या मार्गावर स्वयंचलित गाडी चालवून पाहिली. कामगार संघटनेचा विरोध असल्याने गाडीत मोटरमन बसवून ठेवावा लागला. १९६४ मध्ये लागलेल्या आगीत ती गाडी जळाली आणि प्रयोग तिथेच थांबला. संघटनेची भीती मला अवाजवी वाटत नाही. चालू मार्गावर स्वयंचलन आणायचं म्हणजे रोज ड्यूटीवर येणाऱ्या माणसाच्या भाकरीला हात घालणं. नव्या मार्गावर हा प्रश्न उभा राहत नाही, कारण तिथे अजून कोणी कामाला लागलेलंच नसतं. पुढच्या इतिहासात ही बाब तंत्राइतकीच निर्णायक ठरली.

लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झाली. रुळांतून मिळणाऱ्या संकेतांनुसार गाडी स्वतः वेग घ्यायची आणि स्थानकात स्वतः थांबायची. केबिनमधला माणूस दरवाजे बंद करायचा आणि दोन बटणं एकदम दाबायचा, की गाडी निघायची. मग तो माणूस तिथे का ठेवला? उत्तर फलाटाच्या कडेला आहे. गर्दीत कोणाचा तोल जातो, कोणाची ओढणी दारात अडकते, गाडी भुयारात बंद पडते. गाडी चालवण्यापेक्षा हे सगळं सांभाळणं यंत्राला कितीतरी अवघड होतं.

हा गुंता सुटला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि दोन्ही ठिकाणं नवी होती. जपानमध्ये कोबे शहराने समुद्रात भराव टाकून पोर्ट आयलंड हे कृत्रिम बेट उभारलं. त्याला शहराशी जोडणारी पोर्ट लायनर ही विनाचालक रेल्वे फेब्रुवारी १९८१ मध्ये धावू लागली. दुसरं ठिकाण उत्तर फ्रान्समधलं लील. तिथे शहराबाहेर व्हिलनव्ह-दास्क ही नवी नगरी वसवली जात होती, विद्यापीठाचा विज्ञान विभागही तिकडेच हलला होता. पॅरिससारखी भारी मेट्रो बांधण्याची लीलची ऐपत नव्हती. त्याच विद्यापीठातले प्राध्यापक रोबेर गाबियार यांनी सुचवलेल्या कल्पनेतून मात्रा कंपनीने रबरी चाकांची, जेमतेम २.०६ मीटर रुंदीची, २६ मीटर लांबीची दोन डब्यांची गाडी तयार केली. एप्रिल १९८३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांच्या हस्ते या मेट्रोचं उद्घाटन झालं.

लीलने फलाटाच्या कडेवर काचेची भिंत उभी केली. तिच्यातले दरवाजे गाडीच्या दरवाजांसमोर येतात आणि दोन्ही एकदम उघडतात. रुळांवर माणूस जाऊच शकत नाही, त्यामुळे पुढे बघत बसणाऱ्या डोळ्यांची गरजही उरत नाही. ही सोय साधी वाटते, पण माझ्या मते विनाचालक मेट्रोच्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच आहे.

चालकाचा पगार वाचवण्यासाठी हे सगळं होतं, असं अनेकांना वाटतं. लीलचं गणित वेगळं होतं. आठ डब्यांची गाडी दर आठ मिनिटांनी सोडली काय किंवा दोन डब्यांची दर दोन मिनिटांनी सोडली काय, माणसं तेवढीच वाहून नेली जातात. पण दुसऱ्या पद्धतीत फलाट चौथाई लांबीचा पुरतो, स्थानक लहान होतं, भुयारी स्थानकाचा खोदकामाचा खर्च उतरतो, आणि प्रवाशाला वाट पाहावी लागत नाही. इतक्या फेऱ्यांसाठी चालक नेमायचे तर मध्यम आकाराच्या शहराचं कंबरडं मोडेल. शिवाय शेवटच्या स्थानकात चालकाला एका टोकाच्या केबिनमधून उतरून दुसऱ्या टोकाला चालत जावं लागतं. विनाचालक गाडी लगेच उलटी निघू शकते. सामना सुटला, पाऊस कोसळला, एकदम गर्दी झाली, तर नियंत्रण कक्षातून डेपोतल्या जादा गाड्या सोडता येतात. ड्यूटीचा तक्ता बदलावा लागत नाही.

व्हँकुव्हरने १९८५ च्या डिसेंबरमध्ये स्कायट्रेन सुरू केली, एक्स्पो ८६ या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर. तिथे सिग्नलची पद्धतही नवी होती. जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी असते. नव्या पद्धतीत गाडी आपली जागा सतत कळवत राहते आणि संगणक मागच्या गाडीला सुरक्षित अंतराइतकं जवळ येऊ देतो. तुकडा जणू गाडीबरोबर सरकतो. आजच्या बहुतेक विनाचालक मेट्रोंचा हाच पाया आहे. फक्त आता हे बोलणं रेडिओवरून चालतं.

अपघातही झाले. १९९३ मध्ये ओसाकाच्या न्यू ट्रामची गाडी शेवटच्या स्थानकात थांबलीच नाही आणि दोनशेहून अधिक प्रवासी जखमी झाले. २०१९ मध्ये योकोहामा इथे गाडी उलट्या दिशेने निघून मार्गाच्या टोकाला आदळली; दिशा कळवणारी एक तार तुटली होती. रस्त्यावरच्या अपघातांशी तुलना करता अशा घटना फार थोड्या, पण एक तार तुटल्यावर गाडीने जागेवरच उभं राहावं, असा आराखडा का नव्हता, हा प्रश्न विचारायलाच हवा.

चालू मार्ग बदलणं किती कष्टाचं असतं ते पॅरिसने दाखवलं. १९९८ मध्ये तिथली १४ क्रमांकाची मार्गिका नव्याने, विनाचालकच सुरू झाली. १९०० साली सुरू झालेल्या पहिल्या मार्गिकेवर मात्र प्रवासी वाहतूक चालू ठेवून रात्रीच्या थोड्या तासांत फलाटांवर दरवाजे बसवावे लागले. २०११ मध्ये पहिल्या विनाचालक गाड्या आल्या आणि २०१२ च्या अखेरीस काम पुरं झालं.

म्हणूनच वाढत्या शहरात हा निर्णय पहिली कुदळ पडण्याआधी घेतलेला बरा. फलाटाची लांबी, भुयारातली सुटकेची वाट, डेपोत गाड्या स्वतः फिरतात तो भाग आणि कामगार वावरतात तो भाग यांच्यामधली हद्द, हे सगळं आराखड्यातच ठरतं. माणसं लागतातच. नियंत्रण कक्षात, दुरुस्तीला, आणि गाड्यांतून फिरणारे मदतनीस म्हणून.

कोपनहेगनने पैशाचा प्रश्न जमिनीशी जोडला. ओरेस्टाड या मोकळ्या भागात नवं उपनगर वसवायचं आणि तिथल्या जमिनीच्या विक्रीतून मेट्रोचा खर्च काढायचा, असा कायदा १९९२ मध्ये झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये मेट्रो धावली, ती विनाचालकच. पुढच्या वर्षी सिंगापूरने पूर्ण भुयारी नॉर्थ ईस्ट लाइन सुरू केली. दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला निघाली तेव्हा पहिल्या मार्गिकेवरची २९ पैकी १० च स्थानकं तयार होती. दिल्लीची मॅजेंटा लाइन डिसेंबर २०२० मध्ये विनाचालक झाली. जगभरातल्या अशा मार्गांची एकूण लांबी २०१८ मध्येच १००० किलोमीटरच्या पुढे गेली होती.

या सगळ्यांत रियाधची उडी सर्वांत मोठी. मोटारींसाठी आखलेल्या, ७० लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात आधी एकही मेट्रो मार्ग नव्हता. २०१३ मध्ये तीन कंपनी-समूहांना एकदम सहा मार्गिकांची कंत्राटं दिली गेली. १७६ किलोमीटर, ८५ स्थानकं, सगळं विनाचालक. एका समूहात भारताची लार्सन अँड टुब्रोही होती. काम लांबलं. १ डिसेंबर २०२४ ला पहिल्या तीन मार्गिका खुल्या झाल्या आणि ५ जानेवारी २०२५ ला शेवटची, नारिंगी. त्याआधीच, मार्च २०२३ पासून, शहराने नवी बससेवा सुरू केली होती. रुंद रस्त्यांच्या आणि कडक उन्हाच्या शहरात माणूस घरातून स्थानकापर्यंत पोहोचायचा, तर त्याला त्या बसची गरज लागणारच होती.