लेक आर्गाइलला तीन रात्री का थांबायचं: डार्विन ते ब्रूम कॅरॅव्हॅन नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

चावी हातात देताना आम्ही प्रत्येक कुटुंबाला एकच आग्रह करतो: ऑस्ट्रेलियाच्या वायव्य भागातल्या लेक आर्गाइल या धरणाच्या तलावावर तीन रात्री मुक्काम ठेवा. बरेच जण एकच रात्र धरून येतात. तलाव हमरस्त्यापासून 35 किलोमीटर आत आहे, आणि तिथून ब्रूम हजार किलोमीटरच्या पुढे. आमचा आग्रह त्या हजार किलोमीटरसाठीच आहे. कॅथरीन गाव सोडल्यावर जवळजवळ पाचशे किलोमीटर विक्टोरिया हायवेवर जातात. समोरून 53 मीटर लांबीची रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक) गेली की मागे जोडलेली कॅरॅव्हॅन हलते आणि स्टिअरिंग घट्ट धरून मान-खांदे आखडतात. आई-बाबा पुण्या-नाशिकहून आलेले असतील तर बसून बसून त्यांचे पाय सुजतात. एका रात्रीत हा शीण जात नाही. पहिला दिवस सामान लावण्यात आणि कपडे धुण्यातच सरतो, खरी विश्रांती दुसऱ्या दिवशी सुरू होते.

तलाव केवढा आहे याचा अंदाज फोटोवरून येत नाही. कोयनेच्या शिवसागरात सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, इथे नेहमीच्या पातळीला साधारण 380. पाण्याचा पसारा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आणि एवढं पाणी अडवणारी भिंत लांबीला फक्त 335 मीटर! कोयनेची भिंत 800 मीटरांहून लांब आहे. ऑर्ड नदी इथे तांबड्या डोंगरांच्या अरुंद खिंडीतून जाते, म्हणून एवढ्याशा भिंतीत काम झालं. भिंतीपर्यंत गाडीने जाता येतं. एका बाजूला खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत पाणी, हे तिथे उभं राहूनच पाहावं.

धरण 1972 साली सुरू झालं. त्याखाली आर्गाइल डाउन्स हा ड्युरॅक घराण्याचा गुरांचा मळा बुडाला. त्यांच्या घराचे दगड आधीच उतरवून ठेवले होते, ते घर उंचावर पुन्हा उभारून संग्रहालय केलं आहे. इथल्या मूळनिवासी मिरिवुंग आणि गाजिराँग लोकांची मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची पवित्र स्थळं पाण्याखाली गेली, आणि त्यांचे दगड कोणी हलवले नाहीत. धरणग्रस्त म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. संग्रहालय पाहताना हेही मनात असू द्या.

सीमेवरची तपासणी: हे सगळ्यात आधी वाचा

तलावाचा फाटा नॉर्दर्न टेरिटरीची हद्द ओलांडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरल्यावर लगेच लागतो. हद्दीवर चोवीस तास तपासणी नाका आहे. ताजी फळं, भाज्या, मध, बियाणं, रोपं यांच्यावर तिथे कडक निर्बंध आहेत. आपल्या लोकांची पंचाईत होते ती हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्ता आणि लिंबांपायी. डब्याच्या तळाशी राहिलेली चार मिरच्यांची पिशवीही दाखवा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

अडचण अशी की ताजी भाजी मिळण्याचं गाव कननरा, आणि ते तलावाच्या फाट्याच्या पुढे आहे. मुक्कामाच्या ठिकाणी फक्त लहानसं दुकान. म्हणून आदल्या रात्री हद्दीच्या अलीकडे टिंबर क्रीक गावी उरलेली सगळी भाजी शिजवून टाका. शिजवलेल्या पदार्थांना सहसा अडवत नाहीत, तरी नाक्यावर सांगून ठेवलेलं बरं. बंद पाकिटातलं बेसन, तांदूळ आणि लाल तिखट जवळ असलं की पहिल्या संध्याकाळी पिठलं-भात होतो. दुसऱ्या दिवशी कॅरॅव्हॅन जागेवर सोडून नुसती गाडी घेऊन कननराला जा. एका बाजूचं अंतर साधारण 70 किलोमीटर आहे.

नाक्यावरच घड्याळ दीड तास मागे घ्यायचं असतं. याचा फटका संध्याकाळी बसतो: जुलैत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात गुरं आणि कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे चारच्या आत पोहोचाच. घरी फोन करायचा तर इथली वेळ भारताच्या अडीच तास पुढे.

तलावावर

मे ते ऑगस्ट हा उत्तम काळ. दिवसा तिशीच्या आसपास, जुलैच्या रात्री पांघरूण लागतं. जून-जुलैत शाळांना सुट्ट्या असतात आणि कॅरॅव्हॅन पार्क एकच आहे, तेव्हा वीजजोडणीची जागा बरीच आधी राखून ठेवा.

संध्याकाळची बोटफेरी चुकवू नका, चालणं कमी झालेल्या आजी-आजोबांनाही ती जमते. बोट काठाला लागली की दगडावर पडलेली गोड्या पाण्याची सुसर दिसते: अरुंद लांब थूथन, पाठीवर खवल्यांच्या रांगा, आणि इतकी निश्चल की लाकडाचा ओंडका वाटावा. ती आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही, तरी मुलांना पार्कच्या पूलमध्येच पोहू द्या. कननराजवळ आयव्हनहो क्रॉसिंगला मात्र पाण्यात पाऊलही टाकू नका. तिथे खाऱ्या पाण्यातली मोठी मगर असते आणि ती माणसावर हल्ला करते.

वाटेत फुगीर बुंध्याची बोआब झाडं दिसतील. आपल्याकडच्या गोरखचिंचेची ती सख्खी भावंडं.

दुपारी काहीही ठरवू नका, हे आम्ही मनापासून सांगतो. ऑनिंगखाली (कॅरॅव्हॅनच्या बाजूला ताणायच्या कापडी छपराखाली) खुर्च्या टाका, चहा ठेवा, ज्याला झोप येईल त्याला झोपू द्या. गाडी चालवणाऱ्याने तर नक्कीच झोपावं. रात्री ऑनिंग गुंडाळून ठेवा, अचानक वारा सुटला तर तिचे दांडे वाकतात.

निघण्याच्या सकाळी

टायर गार असतानाच हवा तपासा, चाकांचे नट आवळून पाहा. गॅसची टाकी बंद करा. पाण्याच्या टाक्या भरून घ्या आणि सांडपाणी नेमून दिलेल्या जागीच रिकामं करा. डिझेल कननराला पूर्ण भरा, कारण पुढचं मोठं गाव हॉल्स क्रीक तिथून साधारण 360 किलोमीटरवर आहे. फोनची रेंज मधे बराच वेळ जाते, तेव्हा निघण्याआधी कननराहून आम्हाला एक मेसेज टाका. संध्याकाळी कुठे थांबणार तेही कळवा.