तालमीत घडणारी संहिता

पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने नाटककारांच्या विकासाची योजना चालवली आणि तिच्याच जोडीला प्रादेशिक नाट्यसंस्थांसाठीही असाच उपक्रम हाती घेतला. दोन्हींची आखणी नाटककार सतीश आळेकर यांची होती. पैसा परदेशी असल्यामुळे लेखकाने नटांच्या सहवासात नाटक लिहावे ही कल्पनाही बाहेरून आली असावी, असा समज सहज होऊ शकतो. प्रत्यक्षात मराठी नाटक संस्थेच्या बिऱ्हाडातच वाढले आहे. नवे होते ते एवढेच की, प्रयोगाची तारीख ठरण्यापूर्वी केवळ संहितेसाठी वेळ आणि पैसा राखून ठेवला गेला.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा रंगभूमीवर आले ते पहिले चारच अंक, सातही अंकांचा प्रयोग पुढल्या वर्षी झाला. ‘सौभद्र’ही १८८२ मध्ये आरंभी अपुऱ्या रूपातच लोकांसमोर आले, आणि ‘रामराज्यवियोग’ तर तीन अंकांवर थांबले, कारण १८८५ मध्ये अण्णासाहेबांचेच निधन झाले. लेखक, दिग्दर्शक आणि नाटक मंडळीचा चालक एकच असल्यामुळे कोणता नट कोणत्या जातीची चाल पेलू शकेल हे पद रचतानाच डोळ्यांपुढे असे. तालमी घेण्यात वाकबगार असलेले गोविंद बल्लाळ देवल याच मंडळीत तयार झाले, आणि त्यांच्या ‘शारदे’तील संवादांचा बोलता सूर पाहिला की तालमीच्या खोलीने त्यांना काय दिले असेल याचा अंदाज येतो. अपूर्ण नाटक प्रेक्षकांपुढे ठेवण्याला आज ‘वर्क इन प्रोग्रेस’ असे इंग्रजी नाव लागते. तेव्हा मात्र ती मंडळीची व्यवहारातली सोय होती.

बोलपटांच्या आगमनानंतर मंडळ्या मोडल्या आणि लेखकाच्या डोक्यावरचे ते छप्पर गेले. त्यानंतर हौशी संस्था आणि राज्य नाट्य स्पर्धा यांनी नव्या लेखनाला मागणी पुरवली खरी, परंतु स्पर्धेसाठी लिहिलेल्या नाटकाला सवड कमी मिळते. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने लेखक, दिग्दर्शक आणि नट यांना पुन्हा एका खोलीत आणले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांनी याच संस्थेतर्फे बसवले. त्यातील नायिका बेणारेबाईंचे अखेरचे दीर्घ स्वगत लेखकाने दिग्दर्शकाच्या आग्रहाखातर तालमींच्या काळात लिहिले, असे सांगितले जाते. आज त्या स्वगताशिवाय हे नाटक कल्पिताही येत नाही.

तथापि संहिता आणि संस्था यांचा संबंध किती घट्ट असू शकतो हे सर्वांत स्पष्टपणे दाखवले ते तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’ने. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात माणसांची रांग हाच पडदा, तीच भिंत आणि तोच कोरस असल्यामुळे ते कागदावर वाचून जेमतेम अर्धेच हाती लागते. उरलेले अर्धे जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना आणि महिनोन्‌महिने एकत्र गाणारा-नाचणारा नटसंच यांनी उभे केले. म्हणूनच १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले तेव्हा प्रश्न केवळ एका संहितेचा उरला नाही. तो संच सोडून दुसऱ्या नटांकडून ते बसवून घेणे शक्य नव्हते. सगळा संचच बाहेर पडला आणि १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली. नाटकासाठी संस्था जन्माला यावी, हा क्रम नेहमीच्या उलटा होता. पुढच्याच वर्षी आळेकरांचे ‘महानिर्वाण’ याच गोतावळ्यातून आले. मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो ही कल्पना, गाता येणारे नट हाताशी असल्याखेरीज, लेखकाने इतक्या बिनधास्तपणे कागदावर उतरवली असती असे मला वाटत नाही.

प्रायोगिक नाटकाची एक अडचण मात्र कायम होती. व्यावसायिक नाटक शेकडो प्रयोगांत घासूनपुसून लखलखीत होते, तर प्रायोगिक नाटकाला मोजके प्रयोग मिळत. मुंबईत ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात स्वस्त रंगमंच उपलब्ध करून दिला, तरी ही मर्यादा पुरती हटली नाही. प्रयोगांतून होणारी दुरुस्ती मग प्रयोगाआधीच करून घ्यावी लागते, आणि नियमित कार्यशाळेचे खरे प्रयोजन इथे आहे. लेखक एखादा प्रवेश आणतो, नट हातात कागद घेऊन तो वाचतात, कुठे जीभ अडखळते आणि कुठे ऐकणाऱ्याचे लक्ष उडते हे लेखकाच्या कानांना कळते, आणि पुढच्या बैठकीला तो नवा मसुदा घेऊन येतो. चर्चेपेक्षा वाचन अधिक उपयोगी पडते. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमधील लेखकगटानेही १९५८ च्या सुमारास चर्चा टाळून प्रसंग करून पाहण्यावरच भर दिला होता, आणि याच थिएटरच्या सहकार्याने मुंबईत ‘रेज’ या संस्थेने नव्या नाटककारांच्या कार्यशाळा घेऊन २००४ मध्ये ‘रायटर्स ब्लॉक’ हा महोत्सव भरवला.

महाराष्ट्रात या पद्धतीला एक खास आडकाठी आहे. सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे दाखल करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे तालमीत अजून हलत असलेले नाटक एका ठराविक दिवशी कागदावर गोठवणे भाग पडते. मंडळाचा शिक्का असलेली प्रत, दिग्दर्शकाची पेन्सिलने खाडाखोड केलेली प्रत आणि पुढे प्रकाशकाने छापलेले पुस्तक ही तिन्ही शब्दशः जुळतीलच असे नाही, आणि स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था सहसा यांतली तिसरी, म्हणजे छापील प्रत हातात घेऊन तालमीला बसतात.