भीमबेटका येथील शैलचित्रे

मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात, भोपाळपासून सुमारे ४५ किमी.वर, विंध्य पर्वतातील वालुकाश्मात असलेली प्रागैतिहासिक चित्रे. ‘भीमाची बैठक’ यावरून हे नाव पडले, असे सांगतात. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये ती उजेडात आणली. २००३ मध्ये स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

‘गुहाचित्रे’ म्हणण्याची पद्धत असली, तरी हे बहुतांशी शैलाश्रय, म्हणजे पुढे झुकलेल्या कातळाखालचे उघडे आडोसे आहेत. फ्रान्समधील लास्को गुहेतली चित्रे काळोखात, दिव्याच्या उजेडात काढलेली. इथे ऊन थेट भिंतीपर्यंत पोचते आणि खाली माणसे राहत होती. उत्खननात त्यांची दगडी हत्यारे मिळाली आहेत.

रंग मुख्यतः दोन: तांबडा आणि पांढरा. तांबडा गेरूचा. गेरूचे खडे घासून पूड करायची, पाण्यात कालवायची, मग बोटाने किंवा ठेचून तंतू मोकळे केलेल्या काडीने रेघ ओढायची. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ते उन्हाने विटत नाही, सच्छिद्र दगडात मुरते. वर कातळाचे छत असल्याने पावसाचा मारा चुकला. पण गेरूत कार्बन नसल्याने चित्राचे वय थेट काढता येत नाही. शैली, विषय आणि कोणते चित्र कोणावर चढले आहे, यांवरून क्रम लावतात. जुनी चित्रे मध्याश्मयुगातील, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. तलवारी घेतलेले घोडेस्वार अर्थातच फार नंतरचे.

ती का काढली? शिकार साधावी म्हणून केलेली जादू, हे नेहमीचे उत्तर. पण इथल्या ‘वराह शैल’ नावाच्या कातळावर नेमके उलटे दिसते: शिंगे असलेला अगडबंब रानडुकरासारखा प्राणी आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारा चिमुकला माणूस. असा प्राणी कुठल्याच जंगलात नाही. ही शिकारीची नव्हे, गोष्टीतली आकृती वाटते. इतरत्र गाभण जनावराच्या पोटातले पिल्लूही रेखाटले आहे, हात धरून नाचणाऱ्या माणसांच्या रांगा आहेत. एकाच उत्तरात हे सारे बसत नाही.

जादूच्या उपपत्तीपेक्षा बोलका पुरावा थरांचा आहे. शेजारी कोरा कातळ असतानाही त्याच भिंतीवर, आधीची चित्रे न पुसता, पिढ्यान्‌पिढ्या नवी चित्रे चढत गेली. चित्रापेक्षा ती जागाच महत्त्वाची असावी. ‘प्राणी शैला’वर तर हत्ती, सांबर, गवे एकमेकांत इतके गुंतले आहेत, की कुणाचा पाय कुठला हे शोधत उभे राहावे लागते.