पार्श्वभूमी: रेनफॉरेस्टचा सेमिस्टर क्वीन्सलंडमध्येच का?

नाशिकमधून बाहेर शिकायला जायचं म्हणजे एमएस नाहीतर एमबीए, त्यामुळे मुलगी म्हणाली की एक सेमिस्टर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या जंगलात राहून इकॉलॉजी करायचीय, तर घरचे आधी विचारणार डिग्री कुठली मिळणार. डिग्री नाही, क्रेडिट मिळतात.

जंगलातच जाऊन शिकायची पद्धत तशी जुनी. पनामा कालव्यासाठी तलाव भरला तेव्हा एक टेकडी बेट होऊन उरली, ती 1923 ला संशोधनासाठी राखली, आणि कोस्टारिकात 1963 ला काही विद्यापीठांनी मिळून फील्ड कोर्ससाठी संस्था काढली. बीएस्सीच्या पोरांसाठी असं काही यायला बराच वेळ गेला.

पण उत्तर क्वीन्सलंडची गोष्ट वेगळी आहे, तिथे आज जे शिकवतात त्याच्या मुळाशी 1988 चा निर्णय आहे. आधी लाकडासाठी रेड सीडरची झाडं तोडली, मग ॲथर्टनच्या पठारावर डेअरीसाठी जंगल साफ केलं, 1983 ला डेन्ट्रीच्या जंगलात रस्ता काढायला बुलडोझर आले तर लोक आडवे झाले, रस्ता तरी झालाच. मग केंद्राने जवळपास 9 लाख हेक्टर जंगल जागतिक वारशासाठी पुढे केलं, 1988 ला ते यादीत आलं आणि लाकूडतोड बंद. राज्य सरकारचं म्हणणं, आम्ही निवडूनच झाडं तोडतो, जंगल टिकतं, आणि वरून असं लादायचा अधिकार तुम्हाला नाही. ते कोर्टात गेले, 1989 ला हरले, त्याच वर्षी राज्यातलं सरकारही बदललं. सॉ मिल बंद पडल्या, केंद्राने नुकसानभरपाईचं पॅकेज दिलं, पण लाकडावरच उभी राहिलेली गावं व्हायची ती हवालदिल झालीच. निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं, फक्त त्याची किंमत कुणी मोजली हे कोर्सच्या माहितीपत्रकात दोन ओळीत उरकतात ते खटकतं.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह एरियाचे, म्हणजे खाणी-बांधकामावर बंधनं येणाऱ्या भागाचे, मसुदे 2014 पासून निघताहेत, 2024 ला सहावा आला, गावोगाव तोच प्रश्न, आमची शेती, आमची खाण, आमचं घर यांचं काय. आपल्याकडे अजून निकालच नाही, तिकडे निकाल लागून पस्तीस वर्षं होऊन गेली, म्हणून परिणाम बघायला मिळतात. पठारावर बेसॉल्टच्या मातीतलं मॅबी नावाच्या प्रकारचं जंगल तुकड्यातुकड्यांनी उरलंय, त्या तुकड्यांना जोडायला झाडं लावणं आणि लावलेली जगली का ते मोजणं, हे असल्या कोर्समधलं नेहमीचं काम.

1988 ला एक गोष्ट मात्र राहूनच गेली. जंगलात हजारो वर्षं राहणाऱ्या आदिवासींना धड कुणी विचारलं नव्हतं. डेन्ट्री नॅशनल पार्कची मालकी त्यांच्याकडे परत गेली ती थेट 2021 ला, आता कारभार ते आणि राज्य सरकार मिळून बघतात.